पेल्टनच्या फाटकावरच्या मावशी

पेल्टन गावात उत्तर दिशा उत्तरेला नाही. होकायंत्र धरून पाहिलं तर ती साधारण वायव्येला निघते. पण गावातल्या कुणालाही विचारा, तो मका साठवायच्या उंच पांढऱ्या कोठारांकडे हात करील आणि सांगेल, ही उत्तर. मला हे पहिल्यांदा सांगितलं सुशीलामावशींनी, आणि तेही फोनवर. मी तेव्हा त्यांचं घर शोधून दमले होते आणि एका शेताच्या कडेला गाडी उभी करून रडकुंडीला आले होते.

"मावशी, मॅप म्हणतोय मी पोचले. इथं तर नुसता मका आहे."

"मॅपला काय समजते! पांढरं कोठार दिसते का तुला?"

"दिसतंय. उजव्या हाताला."

"मग ती उत्तर. तिच्याकडे पाठ कर अन् सरळ ये. रूळ ओलांडले की निळ्या दरवाजाचं घर."

"पण माझ्या फोनवर उत्तर तर भलतीकडेच..."

"फोन शिकागोचा असेल. इथं उत्तर रूळ ठरवतात, पोरी."

मी हिंगोलीकडच्या एका तालुक्याच्या गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेत येऊन रस्तेबांधणीची इंजिनियर झाले. पहिली नोकरी इलिनॉयमधल्या एका ग्रामीण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात लागली. ऑफिसपासून जवळ भाड्यानं खोली मिळेना. शिकागोतल्या ओळखीच्या एका काकूंनी मावशींचा नंबर दिला. "नागपूरच्या आहेत. बोलतात जरा जास्त. पण तुला उपाशी ठेवणार नाहीत," एवढीच त्यांची शिफारस. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मावशी बुटक्या होत्या. केस कापसासारखे पांढरे, मानेपर्यंत कापलेले. अंगात सलवार-कुर्ता, पायात जाड तळव्याचे बूट आणि डोक्यावर मक्याच्या बियाण्यांबरोबर फुकट मिळालेली हिरवी टोपी. तरुणपणी त्या नागपूरहून नर्स म्हणून थेट या गावच्या छोट्या इस्पितळात आल्या होत्या. नवरा गेला, इस्पितळ बंद पडलं, त्या इमारतीत वृद्धाश्रम झाला. मावशी मात्र राहिल्या. आता त्या वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या आणि गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात, म्हणजे तिथल्या भाषेत डेपोत, जे एका खोलीचं संग्रहालय होतं ते उघडायच्या. गाव त्यांना 'सू' म्हणे. त्या गावाला 'आपलं' म्हणत. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि शेजारी तेवढ्याच मानानं रेल्वेचा एक जुना कंदील. रोज सकाळी दोन्ही पुसले जात.

"माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते," त्या सांगायच्या. "अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढले मी. इथं आले त्या रात्री गाडी घराला हादरे देत गेली अन् मला अशी झोप लागली म्हणतेस! नवरा बिचारा सकाळपर्यंत जागा."

भूगोल मला शाळेपासून पाठ होता. आवडायला लागला तो मावशींच्या पोह्यांच्या बशीतून. मी राहायला आल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी पोह्यांतले शेंगदाणे वेचले आणि बशीच्या काठावर एका रेषेत मांडले.

"ही आपली लाइन. हा दाणा म्हणजे एक गाव, हा दुसरा, हा तिसरा. एवढी जवळजवळ काहून असतील?"

"पाण्यासाठी?"

"बरोबर. वाफेच्या इंजिनाला घोटाघोटाला पाणी लागे. अन् दुसरं, शेतकऱ्यानं घोडागाडीत मका भरून आणावा अन् धारा काढायच्या वेळेला घरी परत जावा. तेवढंच अंतर. आपल्याकडे कसं, गाव आधी अन् रेल्वे मागून. इथं आधी रूळ. मग कंपनीच्या साहेबानं रुळांना धरून रेघा मारल्या, त्या झाल्या गल्ल्या. रूळ तिरपे म्हणून गल्ल्याही तिरप्या. अन् नावं दिली एल्म, ओक, वॉलनट. झाड औषधालाही नव्हतं तेव्हा! नुसतं गवत."

मग त्यांनी एक दाणा उचलून तोंडात टाकला. "हे गाव गेलं. हायवे दुसरीकडून काढला." दुसरा दाणा. "हे शाळा बंद झाल्यावर गेलं." तिसराही गेला. शेवटी काठावर एकच दाणा उरला. तो मात्र त्यांनी खाल्ला नाही. बोटानं बशीच्या मध्यावर सरकवला आणि म्हणाल्या, "हे आपलं. आहे अजून."

गाव रुळांनी मधोमध कापलेलं. मावशींचं घर दक्षिणेला. डेपो, वृद्धाश्रम, पोस्ट आणि माझ्या ऑफिसकडे जाणारा हायवे उत्तरेला. दोन्ही भागांना जोडणारं फाटक डेपोजवळ. मालगाड्या लांबलचक, आणि समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला त्या बऱ्याचदा नेमक्या फाटकावरच थांबून राहत. हायवेवर रुळांवरून जाणारा उड्डाणपूल होता. पण पुलावरून वळसा घालायला निघालं की इकडे मालगाडी हमखास सुटते, असा गावाचा पक्का अनुभव. म्हणून लोक थांबत. आणि थांबण्याचा एक नियम होता, जो मला कुणी सांगितलाच नव्हता.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी परतताना फाटक पडलं. माझी गाडी सर्वांत पुढे. मालगाडी आली आणि थांबली. मी काचा वर केल्या, फोन काढला. मग आरशात पाहते तर मागच्या गाड्यांतून धिप्पाड माणसं उतरून माझ्याच गाडीकडे येत होती. मी दारं लॉक केली. छातीपर्यंत दाढी असलेल्या एकानं काचेवर टकटक केली.

"हाय! मग, काय आहे तुझ्याकडे?"

मला वाटलं, संपलं. पर्स मागच्या सीटवर होती. हाताशी होता तो जेवणाचा डबा. मी काच जरा खाली करून तो बाहेर सरकवला. दाढीवाल्यानं झाकण काढलं, उरलेली भेंडी बोटांनी उचलून खाल्ली आणि वळून ओरडला, "पोरांनो, भेंडी आहे! आणि चिकट नाहीये!"

घरी पोचले तर मावशी दारातच उभ्या.

"काहून गं? पहिल्या गाडीत असून खाली उतरली नाहीस म्हणे?"

"मावशी, मला वाटलं लुटायला आलेत!"

"लुटायला? कोण, डेल?" मावशी हसून हसून दाराला टेकल्या. "अगं, कोठारावर काम करतो तो. सुई दिसली की आडवा पडतो. गावात मी टोचलं नाही असा दंड नाही, पण त्याच्यासारखा घाबरट नाही पाहिला. आत्ताच फोन होता त्याचा, भेंडी कशी करतात विचारत होता."

मग त्यांनी नियम सांगितला. फाटकावरची पहिली गाडी यजमान. मालगाडी थांबली की मागच्यांनी उतरून पुढे यायचं आणि यजमानानं गाडीत असेल ते वाटायचं. काही नसलं तर निदान गावातली एखादी बातमी तरी द्यायची. त्यामुळे पेल्टनमध्ये प्रत्येकाच्या गाडीत बिस्किटांचा डबा तरी असतोच.

"कुणी सुरू केलं हे?"

"ते नाही माहीत. मी यायच्या आधीपासून आहे." मग जरा ताठ होऊन, "मी फक्त खाणं सुधारलं."

ते खरं होतं. त्या गावात संक्रांतीच्या सुमाराला लोक 'ते दात पाडणारे तिळाचे लाडू' मागत. चिवड्याला तर तिथं दुसरं नावच नव्हतं, सगळे 'चिवडा'च म्हणत.

महिन्यातून एकदा मी मावशींना शिकागोला भारतीय दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर न्यायची. नजर कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. बरोबर अख्ख्या गावाच्या ऑर्डरी असत. डेलला लसणाची चटणी. पाद्रींच्या बायकोला हळद आणि 'गेल्या वेळचा तो तिखट पापड'. मावशी शेजारच्या सीटवरून रस्ता सांगत, आणि तिथं घोळ होई.

"आता उत्तरेला घे."

"मावशी, कुठली उत्तर? तुमची की खरी?"

"माझी खोटी आहे का? घे उत्तरेला!"

मी घेतलं. एका बससमोर आडवी आले. बसवाला हॉर्न वाजवत राहिला, मिठाईच्या दुकानापुढची माणसं हातवारे करू लागली. मावशी काच खाली करून शांतपणे त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "या शिकागोवाल्यांनी दिशाच वाकड्या बसवल्यात."

त्यांचा मुलगा आनंद मिशिगनमध्ये नोव्हायला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होता. पेल्टनमध्येच वाढलेला. दर रविवारी त्याचा फोन स्पीकरवर यायचा. आई मराठीत बोलायची, तो बहुतेक इंग्रजीत. माझ्या कानावर दोन्ही पडत.

"आई, यू कान्ट ड्राइव्ह एनीमोर. खाली वेगळी बेडरूम केलीय. पायऱ्या नाहीत. कम ना."

"तिथं येऊन मी करू काय रे?"

"रेस्ट!"

"ते मेल्यावर आहेच."

मुलगा प्रेमळ होता, हे मावशीही मान्य करत. म्हणूनच त्यांनी त्याच्याशी एक करार केला होता. जोवर त्या पायी जाऊन आपली कामं करू शकतात, तोवर पेल्टन. ज्या दिवशी ते जमणार नाही, त्या दिवशी काही न बोलता नोव्हाय. शब्द म्हणजे शब्द. घरातून निघायचं, दोन चाकांची सामानाची गाडी ओढत फाटक ओलांडायचं, डेपो, वृद्धाश्रम, पोस्ट आणि परत. त्या हातगाडीत घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. फाटक पडलं की मावशी खुर्ची मांडून बसायच्या. गाडी चालवत नसल्यामुळे त्या आता यजमान होऊ शकत नव्हत्या, याचं त्यांना फार वाईट वाटे. मग त्या यजमानाला 'मदत' करायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात फाटकाच्या खांबावर नोटीस लागली. रेल्वे कंपनीला डेपोजवळचं फाटक कायमचं बंद करायचं होतं. वाहनांनी हायवेच्या पुलावरून जावं, असं म्हटलं होतं. पुलावर पदपथ नव्हता. ट्रक भरधाव जात. पायी माणसाला तो पूल असून नसल्यासारखाच.

मावशींनी नोटीस भिंगानं दोनदा वाचली. थर्मासातला चहा त्या दिवशी तसाच घरी परत आला.

रविवारी त्यांनी आनंदला हवापाणी सांगितलं, गुडघा सांगितला, माझी करपलेली खिचडी सांगितली. शेवटी तोच हळूच म्हणाला, "आई, आय रेड अबाउट द क्रॉसिंग."

"सुनावणी व्हायची आहे अजून."

"बट इफ दे क्लोज इट..."

"तर मग शब्द दिलाय नं मी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि विनाकारण कंदील पुसायला घेतला.

सुनावणी सुगीच्या दिवसांत एका संध्याकाळी होती, दक्षिणेकडच्या अग्निशमन केंद्रात. मी काउंटीची नोकर, मला तिथं बोलायची परवानगी नव्हती. मावशी मात्र तयारीला लागल्या. रोज जेवताना माझ्यासमोर भाषण व्हायचं. वाफेच्या इंजिनापासून सुरुवात, शेंगदाण्यांसकट.

"मावशी, प्रत्येकाला तीनच मिनिटं देणार आहेत."

"तीन मिनिटांत तर इंजिन पाणीसुद्धा भरत नाही!"

"पाणी गाळून टाका."

"अन् मग झाडांची नावं? ती तरी ठेवू?"

त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून थेट येत होते. फाटक पडलं. माझ्यापुढे डेलचा ट्रक, आणि त्याच्यापुढे सर्वांत आधी एक अनोळखी चकचकीत गाडी. मालगाडी आली आणि थांबली. लोक उतरले. पण कुणीच पुढे जाईना. चकचकीत गाडीत गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली एक बाई आणि एक तरुण बसले होते. काचा वर, नजरा फोनवर. सगळ्यांना कळलं, रेल्वेची माणसं.

तेवढ्यात डेपोकडून मावशी हातगाडी ओढत आल्या. डेलनं त्यांना अडवलं. "सू, थांब. ते 'ते' आहेत."

"मग? पहिली गाडी आहे नं?"

आणि त्यांनी काचेवर टकटक केली. बाईंनी घाबरतच काच खाली केली. मला माझा डबा आठवला.

"तुम्ही पहिल्या आहात," मावशी त्यांच्या नागपुरी इंग्रजीत म्हणाल्या. "काय आहे तुमच्याकडे?"

बाईंना काही कळेना. तरुणानंच चाचरत मागचं खोकं दाखवलं. "डोनट्स आहेत. पण ते सुनावणीसाठी..."

"सुनावणीला येणारे सगळे इथंच उभे आहेत," डेल म्हणाला.

ते खरंच होतं. उत्तरेकडचे सगळे तिथं अडकले होते. वृद्धाश्रमातले वॉल्टरआजोबा, जे रेल्वेत ब्रेकमन होते, ते वॉकर धरून उभे होते. पाद्रींची बायको होती. क्लॅरिनेटची पेटी घेतलेली एक शाळकरी मुलगी होती, रोज क्लास करून पायी घरी जाणारी. खोकं उघडलं. मावशींनी चिवड्याचा डबाही काढला. "यजमान असताना दुसऱ्यानं वाढायचं नसते खरं तर," त्या बाईंना म्हणाल्या, "पण तुम्ही नवीन आहात."

तरुणानं विचारलं, "तुम्ही लोक पुलावरून का जात नाही?"

सगळे एकदम हसले. वॉल्टरआजोबा म्हणाले, "जा ना तू. तू निघालास की ही सुटेल."

तो गेला नाही. मावशींनी आपली खुर्ची वॉल्टरआजोबांना दिली. बाईंनी चिवडा दुसऱ्यांदा घेतला आणि त्यातली कुरकुरीत पानं कसली म्हणून विचारलं. कढीपत्त्यावर बोलणं झालं, मुलांवर झालं, यंदाच्या मक्यावर झालं. मी वाट बघत होते, आता मावशी इतिहास काढतील. त्यांनी त्यातलं अक्षर काढलं नाही. मालगाडी निवांत उभी होती. सुटली तेव्हा खोकं रिकामं होतं.

केंद्रात मावशींचं नाव पुकारलं गेलं. त्या माइकपाशी गेल्या, खिशातून शेंगदाणे काढून टेबलावर ठेवले. मी घड्याळ बघितलं. चष्मा सरळ करून त्यांनी समोर बसलेल्या त्या बाईंकडे पाहिलं. बाईंनीच आधी विचारलं, "मॅडम, आमच्या माहितीप्रमाणे या फाटकातून फारशी वाहनं जात नाहीत. नेमकं कोण वापरतं ते, सांगाल का?"

मावशींनी मागे वळून सगळ्या खोलीकडे हात केला. "यांच्याबरोबर तुम्ही आत्ता चिवडा खाल्लात."

खोलीत हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत.

"अन् मी. मला गाडी चालवता येत नाही. फाटक बंद झालं तर मला मुलाकडे जावं लागेल. मुलगा चांगला आहे माझा. पण तिथं उत्तर कुठं आहे, हे मला लोकांना विचारावं लागेल. इथं लोक मला विचारतात."

त्यांनी शेंगदाणे एकेक करून परत खिशात टाकले आणि येऊन बसल्या. माझ्या कानात म्हणाल्या, "झाडांची नावं राहून गेली बघ."

निर्णय यायला हिवाळा उलटला. डेपोजवळचं फाटक राहिलं. त्याऐवजी कोठारामागचं, फक्त सुगीत ट्रॅक्टर जाणारं फाटक बंद झालं. डेलला आता मका आणायला वळसा पडतो आणि तो ते रोज मावशींना ऐकवतो. त्या रविवारी आनंद म्हणाला, "ओके आई, यू विन." मावशी म्हणाल्या, "जिंकले कसली रे? चालते आहे अजून, एवढंच." मग तो स्वतः भेटायला आला. फाटकावर त्याची गाडी पहिली लागली. तो न सांगता उतरला आणि बर्फीचं खोकं उघडून उभा राहिला. मावशी फाटकाच्या पलीकडून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी त्याच्याजवळ गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

यंदा मला नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला चांगली नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी मी पाया पडायला गेले तर मावशी टोपी चढवून बाहेर पडत होत्या.

"शाळेची पोरं येणार आहेत डेपो बघायला. मला वेळ नाही. जयभीम. नीट जा. अन् पुढच्या सीटवर डबा ठेवलाय, तो मागे टाकू नकोस."

"मावशी, इतक्या लवकर..."

"रडायला लागशील तर उशीर होईल," असं म्हणून त्या निघाल्यासुद्धा.

मी घर झाडलं, किल्ली निळ्या दारामागे ठेवली आणि निघाले. फाटकाशी पोचले आणि ते पडलं. माझी गाडी सर्वांत पुढे. मालगाडी आली आणि थांबली. मी शेजारच्या सीटवरचा डबा उघडला. माझ्या एकटीच्या प्रवासाला तो फारच मोठा होता. चिवडा काठोकाठ भरलेला, वर कागदी द्रोणांची चळत आणि एक मोठा चमचा. गार्डाच्या मुलीला गाड्यांच्या वेळा कुणी सांगायला लागत नाहीत.

मी उतरले. वाढायला लागले. डेलनं दोन द्रोण घेतले आणि माझ्या पाठीवर थाप मारली, तेवढ्यानं मी हेलपाटले.

मालगाडीच्या दोन डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडचं दिसत होतं. डेपोच्या फलाटावर घडीची खुर्ची, हिरवी टोपी, भोवती पोरांचा घोळका. मावशींनी माझ्याकडे पाहिलं की नाही, कळलं नाही. इतक्या लांबचं त्यांना दिसत नसे. मग गाडी सुटली, फट सरकली, पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटचा डबा गेला तेव्हा मावशी उभ्या होत्या. एक हात लांब केलेला, थेट पांढऱ्या कोठारांकडे. सगळी पोरं माना वळवून तिकडे बघत होती. त्यातल्या एकानं खिशातून फोन काढून काहीतरी शंका विचारली, आणि मावशींनी त्याच्या हातावर हलकेच चापट मारली.

मागच्यांनी हॉर्न वाजवला. मला जायचं होतं नकाशातल्या आग्नेयेला, चांगलं दोन दिवसांच्या वाटेवर. मी फाटक ओलांडलं आणि मावशींचा हात दाखवत होता त्या उत्तरेला गाडी काढली.